‘लग्न पंधरा दिवसांवर आलंय, गोरी करून द्या’ म्हणणारीला काय सांगायचं?

तुम्ही विचारलंय की, आयटीआयचा बेसिक कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड पूर्ण करून पार्लरमध्ये नोकरी धरली, पण येणारी प्रत्येकजण गोरेपणा मागते आणि खरं सांगितलं की दुसरीकडे जाते. मग त्वचेबद्दल समजावायचं कसं? मी साताऱ्यात १६ वर्षं हेच काम करतेय, म्हणून माझ्या खुर्चीवरून दिसतं ते सांगते.

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘घरी चेहऱ्याला काय काय लावता?’ आणि आठवत नसेल तर ‘पुढच्या वेळी सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून घेऊन या.’ हे उत्तर मिळाल्याशिवाय मी चेहऱ्याला हात लावत नाही.

ही सवय एका चुकीतून लागली. कामाला लागले त्या पहिल्या वर्षी एक बाई ब्लीचला आल्या. चेहरा तुकतुकीत, गालांवर गुलाबी छटा. मला वाटलं, काय सुंदर कातडी आहे. काही न विचारता नेहमीचं ब्लीच लावलं. दोन मिनिटांत त्या म्हणाल्या, ‘अगं, आग होतेय.’ पुसून गार पाणी मारेपर्यंत दोन्ही गाल सोलवटल्यासारखे लाल झाले होते. मग त्यांनी पर्समधून ट्यूब काढली. मेडिकलमधून स्वतःच आणलेली, तीन वर्षं रोज रात्री लावत होत्या. बारीक अक्षरात लिहिलं होतं, बीटामेथासोन. म्हणजे स्टेरॉइड.

हे औषध वाईट नाही. डॉक्टरांनी ठरावीक जागी, ठरावीक दिवस दिलं तर कामाचं आहे. पण गोरेपणाची क्रीम म्हणून महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, मुरुमं येतात, लव वाढते, ऊन सोसत नाही. बंद केलं की चेहरा भडकतो, म्हणून बाई घाबरून पुन्हा तीच ट्यूब आणते. सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला, तरी माझ्याकडे अजूनही या ट्यूबा येतात.

अशा वेळी मी व्याख्यान देत नाही. भिंगाचा दिवा चेहऱ्यावर धरते, हातात आरसा देते आणि त्यांच्याच गालावरच्या शिरा त्यांना दाखवते. म्हणते, ‘ताई, धुऊन धुऊन विरलेली सुती साडी कशी होते, तशी ही कातडी झालीय. आता मी घासलं तर फाटेल.’ हे लगेच पटतं, कारण विरलेली साडी प्रत्येकीने हातात धरलेली असते. त्या दिवशी फेशियल नाही, ब्लीच नाही, पैसेही नाहीत. स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवते आणि बजावते की क्रीम कशी बंद करायची ते त्यांनाच ठरवू द्या, आपल्या मनाने एकदम सोडू नका.

बिननावाच्या डबीतली क्रीम असेल तर मी आणखी कडक होते. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. स्थानिक पार्लरमधून घेतलेल्या क्रीममध्ये पारा होता, तो मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासल्यावर कळला. आपल्याच धंद्यातल्या कुणीतरी ती डबी विकली होती, हे मला आजही टोचतं. तुमच्या मालकीणबाईंनी कधी अशी डबी पुढे केली, तर ती विकू नका.

आता गोरेपणाचं. मी बाईंना बाही वर करायला सांगते आणि दंडाच्या आतली बाजू दाखवते. ‘हा तुमचा जन्माचा रंग. उन्हाने जे काळवंडलंय ते हळूहळू इथपर्यंत उतरवता येईल, याच्यापुढे कुठलंच फेशियल नेणार नाही.’ रंगाची तुलना बहिणीशी, जावेशी न होता स्वतःच्याच दंडाशी झाली की बाई शांत होते. हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

मग येतं सनस्क्रीन. ‘लावते की’ म्हणणाऱ्या बहुतेक जणी हरभऱ्याएवढं लावतात. मी तर्जनी आणि मधलं बोट पुढे करायला सांगून दोन्ही बोटांवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढते. चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं. ‘एवढं? माझी ट्यूब वर्षभर पुरते!’ हे ठरलेलं वाक्य. ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदाच लावली तरी दीड-दोन महिन्यांत संपायला हवी. शेतात किंवा गाडीवर दिवसभर फिरणारीने दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. ते परवडत नसेल तर रुंद पदर, टोपी, स्कार्फ. वांग असलेल्या बाईने हे सोडून नुसतं फेशियल केलं तर तिचे पैसे वाया जातात, आणि तसं मी तिला तोंडावर सांगते.

लिंबू आणि खायचा सोडा घरात वापरणाऱ्यांनाही थांबवा. लिंबू कातडीला फार आंबट, सोडा उलट टोकाचा. डाळीचं पीठ आणि साय यांच्याशी माझं भांडण नाही.

नवरीला मी सांगते की कातडीचा वरचा थर बदलायला साधारण २८ दिवस लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत नवीन काहीच सुरू करायचं नाही. साधं फेशियल लग्नाच्या चार-पाच दिवस आधी, तेही तिला पूर्वी सोसलेलंच. हळदीच्या आदल्या दिवशी वॅक्स किंवा ब्लीच नको, हळद झोंबते.

काही खुणा आपल्या कामाच्या नसतात, पण त्या आधी आपल्यालाच दिसतात. टिकलीच्या जागी पांढरा डाग पडत असेल तर तो टिकलीच्या गमाने असू शकतो. टिकली बंद करून डॉक्टरांना दाखवायला सांगा. मान मखमलीसारखी जाड आणि काळी झाली असेल तर तो मळ नसतो, घासून जात नाही. रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिन शरीरात नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते.

गिऱ्हाईक तुटतं, हे खरं आहे. मी पाठवून दिलेल्यांपैकी काही जणी पुन्हा दारात आल्या नाहीत. पण गेल्या उन्हाळ्यात बावीसेक वर्षांची एक मुलगी ‘मान घासून द्या’ म्हणत आली होती. मी घासली नाही, साखर तपासायला सांगितली. ती रागावून गेली. महिन्याभराने आईला घेऊन आली, रिपोर्ट दाखवला, साखर सीमेवर निघाली होती. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. आईने माझा हात धरला, आणि मग दोघींनी थ्रेडिंग करून घेतलं.