फ्रॉइडबरोबर फिस्टरही वाचा
मानसविश्लेषण, म्हणजे मनात नकळत दडलेलं बोलण्यातून उलगडण्याची पद्धत, आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचं हाडवैर आहे असं धरून सुरुवात करू नका. आधी मानसविश्लेषणाचे जनक फ्रॉइड आणि ऑस्कर फिस्टर यांची पत्रं वाचा. फिस्टर झुरिकचे प्रोटेस्टंट पाळक. १९०९ मध्ये सुरू झालेली ही मैत्री फ्रॉइडच्या मृत्यूपर्यंत टिकली. १९२७ मध्ये फ्रॉइडनी धर्माला भ्रम ठरवणारं पुस्तक लिहिलं. पुढच्याच वर्षी फिस्टरनी त्याला सडेतोड उत्तर दिलं, तेही फ्रॉइडच्याच ‘इमागो’ या नियतकालिकात! असा मोकळेपणा मला फार मोलाचा वाटतो.

आणि कन्फेशन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) म्हणजेच विश्लेषण, असंही समजू नका. धर्मगुरूंपुढे माणूस ठाऊक असलेलं सांगतो. विश्लेषकापुढे स्वतःलाच ठाऊक नसलेलंही बाहेर येतं. पुढे समुपदेशन करणार असाल, तर समोरचा देवाबद्दल बोलू लागताच फ्रॉइडप्रमाणे देवात वडिलांचंच रूप पाहून ‘हे वडिलांबद्दलच आहे’ असा अर्थ लावू नका. त्याला पुरतं बोलू द्या.