टीएसएच ६.८, पण टी३ आणि टी४ नॉर्मल: गोळी लगेच सुरू करावी का?

तुमचे वय ३८, टीएसएच ६.८ म्हणजे थोडा वाढलेला, टी३ व टी४ ही थायरॉइडची हार्मोन्स मर्यादेत, सहा महिन्यांपासून थकवा आणि केसगळती, आणि शेजारच्या काकू म्हणतात की आता जन्मभर गोळी, असा तुमचा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. नागपुरात धंतोलीतील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बरीच वर्षे तंत्रज्ञ होते आणि स्वतःही थायरॉइडची गोळी घेते, तेवढ्याच अधिकाराने लिहिते आहे.

टीएसएच हे थायरॉइडचे हार्मोन आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडमागे लावलेला तगादा आहे. रक्तातील टी४ किंचित घसरला तरी हा तगादा कित्येक पटींनी वाढतो, त्यामुळे टी४ अजून मर्यादेत असतानाच टीएसएच वर गेलेला दिसू शकतो. या अवस्थेला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात, परंतु तो शिक्का एका रिपोर्टवरून मारू नये, कारण टीएसएच रात्री व पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, शिवाय मोठ्या आजारातून बरे होतानाही तो काही काळ वाढतो.

दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि त्याच वेळी, पुन्हा तपासणी करा. नेहमीच्या थायरॉइड प्रोफाइलमध्ये बहुधा एकूण टी३ व टी४ मोजतात आणि गर्भनिरोधक गोळ्यांमुळे ते आकडे फुगतात, म्हणून फ्री टी४ (रक्तातील प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा टी४) आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे) यांविषयी डॉक्टरांना विचारा. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर ते किमान दोन दिवस आधी बंद ठेवा. बऱ्याच यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी येतो, आणि ही गोष्ट रुग्ण आपणहून क्वचितच सांगतात.

टीएसएच १० च्या वर टिकून राहिला तर डॉक्टर सहसा गोळी सुरू करतात. त्याखाली वय, अँटी-टीपीओ आणि लक्षणे पाहून ठरते, आणि बऱ्याच जणांचा टीएसएच आपोआप पूर्ववत होतो. मात्र गर्भधारणेचा विचार असेल किंवा पाळी चुकली असेल तर वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.

आता लक्षणांविषयी. माझे निदान झाले तेव्हा मे महिना होता, पारा ४५ अंशांवर होता, घरातले कूलरसमोरून हलत नव्हते आणि मी चादर शोधत होते. टीएसएच ४२ होता. थकवा आणि केसगळती मात्र इतक्या बोलक्या खुणा नाहीत. लोह किंवा बी१२ कमी असले तरी थकवा येतो, आणि नुसत्या लोहाच्या कमतरतेनेही केस गळतात. ६.८ वर सारा दोष टाकण्यापूर्वी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि बी१२ पाहून घ्यावे, विशेषतः पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर. (थायरॉइडला पत्ताकोबी वाईट असे म्हणतात, पण ती खाणे सोडल्याने टीएसएच उतरलेला मी तरी पाहिला नाही.)

पुढे गोळी सुरू झालीच तर ती रिकाम्या पोटी पाण्यासोबत घ्यावी, चहा आणि तर्री पोहे अर्ध्या-एक तासाने, आणि लोह वा कॅल्शियम चार तासांनंतर. या गोळीत टी४ च असतो आणि तो शरीरातून निम्मा व्हायला सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे सहा-आठ आठवड्यांआधी केलेली टीएसएचची तपासणी नव्या डोसविषयी फारसे काही सांगत नाही.