नेपोलियन नाही, जॅकार्ड

मानवी इतिहासावर सगळ्यात जास्त प्रभाव टाकणारी एकच व्यक्ती कोण, असं तुम्ही विचारलंय. पुढे स्वतःच लिहिलंय की तुमच्या मते खरी लढत सिकंदर आणि नेपोलियन यांच्यातच आहे. ते शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो. नेपोलियनवरून आमच्या घरात एक जुना वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

माझं उत्तर जोसेफ मारी जॅकार्ड. फ्रान्समधल्या लियों शहरात विणकराच्या घरी 1752 साली जन्मलेला माणूस. सोलापुरात हे नाव रोज तोंडात असतं. अशोक चौकात, साखर पेठेत, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चादरीच्या कुठल्याही कारखान्यात शिरा आणि वर बघा, मागाच्या डोक्यावर जॅकार्ड, म्हणजे त्याच्या नावाचं नक्षी उमटवणारं यंत्र, बसलेलं असतं. माझे वडील, अण्णा, आयुष्यभर त्या जॅकार्डची कार्डं पंच करत आले. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. पण माझं म्हणणं भावनेवर उभं नाही.

वाद कसा झाला ते सांगतो, कारण त्यातच बरंचसं उत्तर आहे.

संक्रांतीचे दिवस होते, गड्ड्याची यात्रा भरलेली. सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा बघायला पाहुणे आले होते. दुपारी तिळाच्या पोळ्या खाऊन सगळे बाहेरच्या खोलीत पसरलेले. माझे मामा बार्शीचे, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. वाचन दांडगं, बोलणं त्याहून दांडगं. त्यांनी पोरांना कामाला लावलं, ‘जगाच्या इतिहासातला एक माणूस सांगा, ज्याला काढून टाकलं तर आजचं जग ओळखू येणार नाही.’ नेमका तुमचाच प्रश्न.

बहीण म्हणाली, डॉ. कोटणीस. सोलापूरच्या पोरीने दुसरं कोणाचं नाव घ्यायचं? 1938 साली आपलं घरदार सोडून चीनला गेलेला डॉक्टर, 1942 मध्ये तिथेच गेला, वय अवघं बत्तीस. मामांनी तिला शाबासकी दिली आणि म्हणाले, मोठेपणा वेगळा, प्रभाव वेगळा. हे त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. मग त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, नेपोलियन. युरोपचा नकाशा, जुन्या राजवटींचा कणा मोडणं, आणि मुख्य म्हणजे 1804 चा सिव्हिल कोड, म्हणजे नागरी कायद्याची संहिता, ज्याच्यावर आज कितीतरी देशांचे कायदे उभे आहेत. मामा बोलायला लागले की वर्ग भरल्यासारखं होतं, सगळे गप्प.

मी म्हणालो, ‘माझ्या मते जॅकार्ड.’

‘काय सांगूलालास बे? मागावरचं?’ मामा हसले. मग अण्णांकडे वळून म्हणाले, ‘मग दाजी, तुमचंही नाव घालायचं का यादीत?’

सगळे हसले. अण्णाही हसले. मला ते हसणं लागलं.

मामांना वाटत होतं की अण्णा पुठ्ठ्याला भोकं पाडायचे. भोकं पाडायचे हे खरंच आहे, पण ती कशी पाडायचे ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं. आधी डिझाइन ग्राफवर उतरतं. मोर असेल, वेल असेल, काठावर कारखान्याचं नाव असेल, सगळं चौकोनात भरलेलं. उभ्या ओळी म्हणजे ताण्याचे, मागावर लांबीत ताणलेले धागे, आडवी ओळ म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची एक फेरी. एका फेरीला एक कार्ड. अण्णा ग्राफवर पट्टी ठेवायचे, एक ओळ वाचायचे, बोटांनी पंचिंग मशीनच्या कळा दाबायचे आणि पायाने पेडल मारायचे. भरलेला चौकोन म्हणजे भोक, रिकामा चौकोन म्हणजे कोरा पुठ्ठा. एक कार्ड झालं की पट्टी एक घर खाली. अशी शेकडो कार्डं झाली की ती दोऱ्याने क्रमाने ओवायची आणि ती माळ जॅकार्डवर चढवायची. तिथे प्रत्येक कार्ड सुयांच्या रांगेवर जाऊन आदळतं. भोक असेल तिथे सुई आरपार जाते, तिचा हूक जागेवर राहतो आणि ताण्याचा तो धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, हूक सुटतो आणि धागा खालीच राहतो. वर उचललेल्या आणि खाली राहिलेल्या धाग्यांमधून धोटा निघून जातो. एवढंच. पण या एवढ्यावर मोर उमटतो.

कार्ड झालं की अण्णा ते खिडकीशी उजेडात धरून ग्राफशी ताडून बघायचे. एक भोक एक घर जरी सरकलं तरी मोराच्या मानेवर ठिपका येणार, आणि तो एका चादरीवर नाही, त्या माळेवर निघणाऱ्या प्रत्येक चादरीवर. चुकलेल्या भोकावर ते कागदाचा तुकडा चिकटवून अंगठ्याने दाबत बसायचे. हे काम मी लहानपणापासून बघितलंय. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर पहिल्यांदा शून्य आणि एक शिकवलं तेव्हा मला नवीन काही कळायचं राहिलेलं नव्हतं. भोक आहे, भोक नाही. धागा वर, धागा खाली.

त्या दुपारी मी मामांना हेच सांगत होतो. 1804 च्या सुमारास जॅकार्डने हा माग तयार केला, त्याआधी नक्षीच्या मागावर विणकराबरोबर एक पोरगा लागायचा. तो दोऱ्या हाताने ओढत बसायचा, प्रत्येक फेरीला ठरलेल्या दोऱ्या. जॅकार्डने ते काम पोराच्या हातातून काढलं आणि कार्डात घातलं. तोपर्यंत यंत्र म्हणजे बहुतेक करून एकच काम करणारी वस्तू होती. काम बदलायचं तर यंत्र बदला. इथे यंत्र तेच, कार्डांची माळ बदलली की काम बदललं. आज आपण ज्याला प्रोग्रॅम म्हणतो तो हाच.

पुढची साखळी सगळ्यांना ठाऊक असायला हवी, पण शाळेत कोणी सांगत नाही. इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाने 1830 च्या दशकात आपल्या ॲनालिटिकल इंजिनला, म्हणजे त्याने आखलेल्या आकडेमोडीच्या यंत्राला, आकडे आणि हुकूम देण्यासाठी जॅकार्डचीच कार्डं घेतली. त्या यंत्रावर टिपणं लिहिणाऱ्या एडा लव्हलेसने 1843 मध्ये लिहून ठेवलंय की जॅकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. अमेरिकेत हर्मन हॉलेरिथने 1890 ची जनगणना भोकं पाडलेल्या कार्डांवर मोजली. त्याच्या धंद्यातून जी कंपनी उभी राहिली तिचं नाव 1924 पासून आयबीएम. विसाव्या शतकात कितीतरी वर्षं कॉम्प्युटरला माहिती द्यायची ती कार्डांवरच.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ही झाली कारागिरी. इतिहास वेगळा असतो. कारागीर नसता तर दुसरा कोणीतरी आला असता.’

इथे माझा आणि त्यांचा खरा वाद आहे, आणि तुमच्या प्रश्नाचाही गाभा हाच. कारागिराच्या जागी दुसरा आला असता, मग सेनापतीच्या जागी आला नसता का? राज्यक्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये महत्त्वाकांक्षी सेनापतींचा तुटवडा नव्हता. आपल्याकडे इतिहास म्हणजे लढाया, तह आणि गादी, असं शिकवलं जातं, म्हणून ज्याच्या हातात तलवार तो अटळ वाटतो आणि ज्याच्या हातात पक्कड तो बदली कामगार वाटतो. हे मला मान्य नाही. सिकंदराचं साम्राज्य त्याच्यामागे त्याच्या सरदारांनी वाटून घेतलं. नेपोलियनचं तर त्याच्या डोळ्यांदेखत गेलं, 1815 मध्ये वॉटर्लूला. जॅकार्डचं यंत्र आज सोलापुरात पाळी चालू असेल त्या प्रत्येक वेळी चालतंय, आणि तुम्ही हे ज्या स्क्रीनवर वाचताय तीही त्याच वाटेने आलेली आहे.

आणखी एक गोष्ट, जी त्या दिवशी मला माहीत नव्हती, नंतर वाचली. 1805 मध्ये नेपोलियन लियोंला गेला होता तेव्हा त्याने हा माग स्वतः जाऊन बघितला आणि जॅकार्डला पेन्शन लावून दिली. सम्राटाला त्या यंत्राची किंमत कळली होती. त्याच्या भक्तांना कळत नाही.

अण्णांना मी एकदा मोबाइलवर जॅकार्डचं चित्र दाखवलं. ते रंगवलेलं नाही, विणलेलं आहे. त्याच्या मृत्यूनंतर 1839 मध्ये लियोंला रेशमात विणलं गेलं, आणि त्यासाठी सुमारे 24,000 कार्डं लागली. इतकं बारीक की लोकांना ते छापलेलं वाटायचं. बॅबेजने त्याची एक प्रत मिळवून घरी लावली होती. अण्णांनी चष्मा लावून ते मोठं करून करून बघितलं. जॅकार्डचा चेहरा, खुर्ची, मागचा पडदा. मग म्हणाले, ‘चोवीस हजार. पंच कोणी केली असतील रे?’

मला उत्तर देता आलं नाही, आणि ‘एकच व्यक्ती’ या प्रश्नात काय बसत नाही हे मला त्यांच्याकडून कळलं. हे मी मामांना कबूल केलेलं नाही, पण तुम्हाला सांगतो. जॅकार्डही एकटा नव्हता. लियोंमध्येच 1725 मध्ये बूशोंने भोकं पाडलेला कागदाचा पट्टा वापरला होता, त्याचा सहकारी फाल्कोंने सुटी कार्डं ओवली, व्होकांसोंने 1740 च्या दशकात यंत्र मागाच्या वर चढवलं. जॅकार्डने या तिघांचं एकत्र करून रोज चालेल असं केलं. रोज चालणं ही माझ्या लेखी सगळ्यात अवघड गोष्ट आहे, म्हणून नाव त्याचंच घेतो. पण कोणी बूशोंचं घेतलं तर मी भांडणार नाही. कॉम्प्युटरचं सगळं श्रेयही त्याला देता येत नाही. बॅबेजचं इंजिन त्याच्या हयातीत पुरं झालंच नाही, आणि पुढे कॉम्प्युटरचा गणिती पाया घालणारा ट्युरिंग आहे, 1947 चा ट्रान्झिस्टर आहे.

धर्मसंस्थापकांना मी मुद्दाम बाजूला ठेवलंय. करोडो लोकांची श्रद्धा मोजायला माझ्याकडे माप नाही आणि कोणाकडे असेल असं वाटत नाही. त्यांना धरलं तर माझं उत्तर उभं राहणार नाही, हे उघड आहे. त्यांना सोडलं तर जॅकार्डला टक्कर देणारे मला दोन दिसतात, आणि दोघेही राजे नाहीत. एक एडवर्ड जेनर. त्याने 1796 मध्ये देवीची लस टोचली आणि 1980 मध्ये देवी जगातून गेली असं जाहीर झालं. तोंडावर देवीचे व्रण असलेली माणसं आमच्या आजीच्या पिढीत गल्लीगल्लीत होती, माझ्या मुलीने एकही बघितलेला नाही. दुसरा फ्रिट्झ हाबर. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करायची रीत त्याने 1909 मध्ये दाखवली, बॉशने ती कारखान्यात आणली. माळशिरस-माढ्याच्या उसात जो युरिया पडतो तो त्याच रीतीचा. त्याच हाबरने 1915 मध्ये युद्धात विषारी क्लोरीन वायू सोडायला लावला. चांगलं आणि वाईट एकत्र धरून नुसता प्रभाव बघायचा असेल तर हाबर पहिला, असं कोणी म्हणालं तर मला रात्रभर विचार करावा लागेल.

जॅकार्डच्या खात्यातही सगळं चांगलंच आहे असं नाही. लियोंच्या विणकरांनी त्याचे माग फोडले, कारण पोटावर पाय येत होता. ते मी सोलापुरात राहून समजू शकतो. यंत्र आलं की कोणाचं तरी काम जातं. आता डिझाइन मी कॉम्प्युटरवर करतो, ग्राफ आणि पट्टी कपाटात आहे. अण्णांचं काम ज्या यंत्राने घेतलं ते त्यांच्याच कार्डांच्या वंशातलं, हे त्यांना मी सांगितलेलं आहे आणि त्यांना ते पटतं. वाईट वाटतं का, ते मी विचारलेलं नाही.

तुम्ही सल्ला विचारलेला नाही तरी देतो. यादी करायचीच असेल तर प्रत्येक नावापुढे लिहा, की या माणसाने केलेली कुठली गोष्ट आज सकाळपासून तुमच्या हाताखालून गेली. जिथे काही लिहिता येत नाही तिथे ते नाव कितीही मोठं असो, खाली सरकवा. नेपोलियनचे चाहते इथे सिव्हिल कोड पुढे करतील, आणि तो मुद्दा वजनदार आहे, मी नाकारत नाही. त्याने तो व्हावा म्हणून रेटा लावला, बैठकांना बसला, हे खरं. पण मसुदा चार कायदेपंडितांनी लिहिला. पोर्तालिस, त्रोंशे, बिगो-प्रेआमनो आणि मालव्हिल. कारागीर कोणीही चालतो आणि सम्राट मात्र एकच असतो, असं म्हणणाऱ्याला ही चार नावं विचारा. मामांना मी मागच्या दिवाळीत विचारली. त्यांनी दोन सांगितली, मग चहा मागवला.