पगारातून कापलेले 200 रुपये कुठे जातात?

प्रश्न : मी खासगी नोकरीत आहे. पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापला जातो. हा कर रोजगार हमीसाठी लावला गेला, असे कळले. मजुरीच्या नावाने असा पैसा वाटून अर्थव्यवस्थेला काय मिळते? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपणास कळले ते बरोबर आहे. आज वर्षाला 2,500 रुपये होणारा हा कर महाराष्ट्राने 1975 मध्ये रोजगार हमीचा खर्च भागवण्यासाठी लावला.

‘पैसा वाटून’ हे शब्द मात्र मला मान्य नाहीत. 1972 च्या दुष्काळात शेतात काम उरले नाही, म्हणून मजुराच्या हाती पैसा नव्हता, आणि मजुराच्या हाती पैसा नाही म्हणून दुकानदाराला गिऱ्हाईक नव्हते. अशा वेळी खासगी धंद्यातून कोणी पुढे येत नाही. सरकारलाच खर्च करावा लागतो. मे 1973 मध्ये सुमारे 50 लाख लोक दुष्काळी कामांवर होते. खडी फोडणाऱ्या बाईच्या हाती पडलेली मजुरी आठवडी बाजारात ज्वारी, तेल, मिठावर खर्च होते, दुकानदार त्यातून घाऊक व्यापाऱ्याची उधारी फेडतो, व्यापारी नवा माल भरतो; एकाच रुपयातून अशी अनेकांची मिळकत होते, त्यालाच अर्थशास्त्रात ‘गुणक’ म्हणतात. गरीब घरात मजुरी शिल्लक राहतच नाही, म्हणून तिथे गुणक मोठा असतो. अर्थात बाजारात धान्यच नसेल, तर तोच पैसा भाव चढवतो. म्हणून मजुरीबरोबर रेशनचे धान्यही पोहोचावे लागते.

मजुरीइतकेच महत्त्व मागे काय उरते याला आहे. रस्त्याकडेला पडून राहिलेल्या खडीच्या ढिगाने मजुराची चूल पेटली, पण गावाला पुढे काही मिळाले नाही. नीट जागा निवडून बांधलेल्या पाझर तलावाने मात्र खालच्या विहिरींना पाणी दिले. 1990 मध्ये फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली गेली, तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे मजुरीच्या खर्चातून कोरडवाहू शेतकऱ्याच्या रानात वर्षानुवर्षे फळ देणारी झाडे उभी राहिली.

योजनेचे खरे नुकसान मजुरी थकल्याने होते. 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने ती 15 दिवसांत देण्याचे बंधन घातले ते उगीच नव्हे. दोन-दोन महिने पैसे आले नाहीत, तर मजूर सावकाराकडे जातो आणि पुढे आलेली मजुरी बाजारात न जाता व्याजात जाते.