मुलीला बालरोग घेऊ द्या, भाऊ

रावेर तालुक्यातल्या एका केळी बागायतदार वडिलांचं पत्र आहे: "मुलगी धुळ्याला इंटर्नशिप करतेय. तिला पुढे एमडी बालरोगच करायचंय. मोठा मुलगा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, दहा वर्षांत एआय सगळं करेल, तीन वर्षं कशाला घालवायची? खुद्द डॉक्टरांना काय वाटतं ते सांगा."

नमस्कार भाऊ,

आधी उत्तर देते: तिला बालरोग घेऊ द्या. तुमच्या मुलाची काळजी खोटी नाही. पण २०१६ साली जेफ्री हिंटन या एआयमधल्या मोठ्या शास्त्रज्ञानेही सांगितलं होतं, की रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, घडवणं आता थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापुढे जाईल. आजही नीट-पीजी या प्रवेश परीक्षेत वरच्या रँकची बरीच मुलं रेडिओलॉजीवर उड्या टाकतात.

बालरोगतज्ज्ञांशी माझं नेहमी बोलणं होतं. एआयचं नाव काढताच चिडणारा त्यांच्यात मला क्वचितच भेटला. डिस्चार्ज कार्ड लिहून मिळालं, किलोमागे काढलेला डोस पुन्हा तपासून मिळाला, तर त्यांना हवंच आहे. हात आखडतो तो निदानाशी.

टीबीचंच घ्या. छातीचा एक्स-रे वाचून टीबीचा संशय सांगणारी सॉफ्टवेअर आपल्याकडे वापरात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांची शिफारस केली, पण १५ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठीच. लहान मुलांबाबत तेवढा पुरावाच नव्हता. मुलांचा टीबी दिसतोही वेगळा. मोठ्यांसारखी फुप्फुसात पोकळी क्वचित, बहुतेकदा छातीतल्या गाठी सुजलेल्या. बेडका तपासावा, तर पोर तो गिळून टाकतं. मग सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढावं लागतं. मोठ्यांच्या एक्स-रेवर शिकलेल्या यंत्राचा शब्द इथे कसा प्रमाण मानायचा? डॉक्टर याबाबत सावध आहेत, याचं मला समाधानच वाटतं.

एकदा मी एका ओपीडीत बसले होते. आठ महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर. डॉक्टरांनी झबलं वर केलं आणि घड्याळावर नजर ठेवून श्वास मोजायला लागले. मध्येच बाळ रडलं. ते थांबले, आईला त्याला छातीशी घ्यायला सांगितलं, आणि बाळ शांत झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून पूर्ण एक मिनिट मोजलं. या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास झाले की न्यूमोनियाची शंका घेतात. दोन महिन्यांखाली हाच आकडा ६०, एक ते पाच वर्षांत ४०. आई म्हणाली, "पोऱ्या दूध पेत नही." कधीपासून, विचारल्यावर तिने सासूकडे पाहिलं आणि गप्प झाली. डॉक्टरांनी सासूबाईंना केसपेपर आणायला पाठवलं. मग कळलं, तीन दिवस झाले होते. हे यंत्राला कुणी सांगितलं असतं?

डॉक्टरांची दुसरी भीती जबाबदारीची. सल्ला यंत्राचा, पण सही डॉक्टरची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ च्या एआयविषयीच्या मार्गदर्शक सूचनांतही माणसाच्या देखरेखीवर भर आहे. मुलीने त्या जरूर वाचाव्यात.

तिला कोडिंगच्या क्लासला घालू नका. यंत्राने "काही नाही" म्हणून सोडलेल्या मुलांत खरी आजारी किती होती, हा प्रश्न विचारायला आणि त्याचं उत्तर मोजायला तिने शिकावं. एमडीला प्रबंध लिहावाच लागतो. विषय आपल्या भागातला घेता येईल. धडगाव-अक्कलकुव्याची कुपोषित बाळं, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेली मुलं, ही त्या यंत्रांना शिकवताना कितीशी दाखवली असतील? ते तपासायला इथलंच कुणीतरी हवं.

माझी काळजी निराळी आहे. काही नवे डॉक्टर मुलाच्या पोटाला हात लावण्याआधी मोबाइलला विचारतात. तिला सांगा, पहिलं वर्षभर आधी आपलं निदान कागदावर लिही, मगच ॲप उघड.

पैशाचं म्हणाल, तर सरकारी कॉलेजात विद्यावेतन मिळतं. खासगी कॉलेजच्या फीसाठी बाग मात्र गहाण टाकू नका. त्यापेक्षा पुन्हा एकदा परीक्षा देऊ द्या.

आणि प्रबंधाच्या आकडेमोडीला भावालाच बसवा. चॉइस फिलिंगच्या, म्हणजे कॉलेज-शाखेची पसंती भरण्याच्या, आधी दोघांना घेऊन एकदा माझ्याकडे या.