आमच्या साइटच्या डॉट कॉम नावाची (डोमेनची) मुदत संपून 12 दिवस झाले. नाव पडू द्यावं आणि नव्या गिऱ्हाइकाच्या भावात परत घ्यावं का?

नका करू भाऊ असं. आधी पैसे भरून या, बाकीचं मग वाचा.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं नाव 12 दिवसांपूर्वी संपलं, साइट बंद आहे, रजिस्ट्रार (नाव ज्या कंपनीकडून घेतलं ती) पहिल्या वर्षाच्या कितीतरी पट मागतोय, आणि मंडळातल्या एका हुशार माणसानं ही 'पडू द्या' युक्ती काढली. असा हुशार माणूस आमच्या गावातही होता. तो मीच.

वरुड तालुक्यात माझं कॉम्प्युटर सेंटर आहे. सातबारा, पीक विमा, परीक्षेचे फॉर्म हे रोजचं काम, आणि आसपासच्या पाच-सात साइटही माझ्याच गळ्यात.

आधी भावाचं बोलू. पहिल्या वर्षी 199 रुपयांत मिळालेलं नाव हे गळाला लावलेलं गांडूळ असतं. डॉट कॉमचा मूळ साठा व्हेरीसाइन कंपनीकडे आहे आणि ती सप्टेंबर 2024 पासून दर नावामागे वर्षाला 10.26 डॉलर रजिस्ट्रारकडून घेते. म्हणजे नऊशेच्या आसपास तर त्यालाच पडतं. पहिल्या वर्षी त्यानं पदरचे घातले, आता वसूल करतोय. यात फसवणूक म्हणावी असं काही नाही. रिन्यूचा आणि उशिराचा दर साइटवर लावून ठेवणं त्याला आयकॅनच्या, म्हणजे जगभरच्या डोमेनचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, नियमानं बंधनकारक आहे. आपण तो वाचत नाही, एवढंच.

आता मुद्दा. डोमेन आपण विकत घेतलं म्हणतो, पण ते ठोक्याच्या वावरासारखं असतं. साल संपलं की मालकाला पुन्हा पैसे द्यायचे. फरक इतकाच की वावराचा मालक बांधावर येऊन आठवण देतो, इथं आठवण ई-मेलवर येते. आयकॅनचा 2013 पासून लागू असलेला नियम असा: मुदतीच्या साधारण महिनाभर आधी एक मेल, आठवडाभर आधी दुसरा, आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत तिसरा. तुमच्या मंडळाच्या जुन्या सचिवाचा मेल एकदा उघडून पाहा, तिन्ही तिथं पडलेले सापडतील.

मुदत संपल्यानंतर 45 दिवसांपर्यंतची सवड असते असं सगळे सांगतात. ती तुमची नसते, रजिस्ट्रारची असते. तेवढ्या दिवसांत त्यानं नाव खोडलं तर व्हेरीसाइन त्याचे पुढच्या वर्षाचे पैसे परत देते. तुम्हाला त्यातले किती दिवस द्यायचे हे तो ठरवतो. नाव खोडलं गेलं तर पुढं 30 दिवसांचा रिडेम्प्शन काळ येतो, त्यात रिन्यूच्या पैशांवर वेगळा दंड भरून नाव परत मिळतं. मग 5 दिवस पेंडिंग डिलीट, तेव्हा कोणालाच काही करता येत नाही. त्यानंतर नाव मोकळं होतं. आणि चांगल्या नावावर टपलेल्या कंपन्यांची मशीन ते सेकंदात उचलतात, तुमची फोर-जी रेंज येईस्तोवर खेळ संपलेला असतो.

पण बहुतेकदा गाडी इथवर येतच नाही. बऱ्याच रजिस्ट्रारांच्या करारातच लिहिलेलं असतं की मुदत संपलेलं नाव न खोडता ते लिलावात देऊ शकतात. नाव खोडलंच नाही, तर तो 30 दिवसांचा काळ लागणार कुठून? आमचं नेमकं असंच झालं.

आमच्या संत्रा गटाची साइट नागपूरच्या एका पोरानं बनवली होती. नावही त्यानंच घेतलं, स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या मेलवर. पुढं तो पुण्याला नोकरीला गेला. ऐन आंबिया बहाराच्या तोडीत दिल्लीच्या व्यापाऱ्याचा फोन आला, तुमच्या साइटवर कर्जाच्या जाहिराती दिसताहेत म्हणून. मी शेडमध्येच, संत्र्यांच्या ढिगाजवळ उभा राहून मोबाइल उघडला. पानाच्या अगदी वर इंग्रजीत एक बारीक पट्टी होती, नावाची मुदत संपली म्हणून. ती पट्टी कोण वाचतो? घरी येऊन लुकअप केलं, म्हणजे नावाची नोंद नेटवर काढून पाहिली, तर मुदतीची तारीख थेट पुढच्या वर्षाची! वाटलं, पोरानं भरले पैसे. मुदत संपताच व्हेरीसाइनकडची तारीख आपोआप एक वर्षानं सरकते, पैसे भरलेले असोत की नसोत, हे मला तेव्हा कुठं माहीत. खाली 'ऑटो रिन्यू पिरिअड' लिहिलेलं होतं, तिकडं लक्षच नाही. पुढं खरं कळलं तेव्हा मी गटाला ऐटीत सांगितलं, पडू द्या, स्वस्तात घेऊ. नाव पडलं नाही. एका सकाळी ते दुसऱ्याच्या खात्यात होतं आणि तो डॉलरमध्ये भाव सांगत होता.

छापून आलेले दोन हजार खोके शेडमध्ये होते, सगळ्यांवर जुनं नाव. दोन रात्री आम्ही सहा जण त्यावर नव्या नावाची स्टिकरं चिकटवत बसलो. डिसेंबरची थंडी, डिंक धरत नव्हता, सकाळपर्यंत अर्धी स्टिकरं वाकडी. गटातले लोक अजून मला 'स्टिकरवाले' म्हणतात.

मोठ्यांचंही होतं म्हणा. 1999 च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट, हॉटमेलचं लॉगिन ज्या नावावरून चालायचं त्या पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायला विसरली आणि लोकांचं हॉटमेल अडलं. एका प्रोग्रॅमरनं स्वतःच्या कार्डावरून 35 डॉलर भरले तेव्हा ते सुटलं. तुम्हाला असा कोणी भेटणार नाही.

तुमचे 12 दिवस झालेत, म्हणजे बहुधा साध्या रिन्यूवर काम होईल. उशिरा भरल्यानं दिवस वाढून मिळत नाहीत, नवी मुदत जुन्या तारखेपासूनच मोजतात. जमलं तर तीन-चार वर्षांचे एकदम भरा. जास्तीत जास्त दहा वर्षं पुढपर्यंत भरता येतं.

ऑटो-रिन्यू चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं, आधी ओटीपी देऊन मँडेट (दरवेळी पैसे कापायची परवानगी) नोंदवलेलं नसेल तर कार्डातून आपोआप पैसे कापले जात नाहीत. परदेशी रजिस्ट्रारकडं तर हे हमखास अडतं.

आणि खात्याचा मेल त्याच डोमेनवरचा ठेवला असेल तर आजच बदला. नाव बंद की मेल बंद, मग पासवर्ड बदलायची लिंक येणार कुठं? घराची चावी घरात ठेवून दार ओढून घेण्यातला प्रकार आहे. कंपनीच्या नावानं वेगळा जीमेल काढा आणि तो दोन संचालकांच्या मोबाइलवर ठेवा.

तुमचं दुसरं नाव डॉट इनचं आहे म्हणता. त्याला वरचे आयकॅनचे नियम लागत नाहीत, ते निक्सीच्या, म्हणजे डॉट इन सांभाळणाऱ्या भारतातल्या संस्थेच्या, धोरणानं चालतं. त्याची तारीख वेगळी काढून पाहा, या दिवसांच्या हिशोबावर राहू नका.

पैसे भरल्यावर साइट लगेच दिसली नाही तर घाबरू नका, काही तास लागतात. उद्या संध्याकाळपर्यंत जुनंच पान दिसलं तर लुकअपमध्ये स्टेटससमोर काय लिहून येतं ते मला जसंच्या तसं पाठवा.