मध्यम आकाराचा देश आपलं आंतरराष्ट्रीय व्यापार धोरण कसं ठरवतो?

अशा देशाची बाजारपेठ जागतिक किमती ठरवण्याइतकी मोठी नसते, म्हणून तो गट बांधतो. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने शेतमाल निर्यात करणाऱ्या देशांनी केर्न्स गट स्थापन केला आणि जागतिक व्यापार वाटाघाटींच्या उरुग्वे फेरीत श्रीमंत देशांच्या शेती अनुदानांचा प्रश्न लावून धरला. चिली, न्यूझीलंड, सिंगापूर आणि ब्रुनेई यांच्या २००५ च्या छोट्या करारातूनच पुढे टीपीपी (ट्रान्स-पॅसिफिक पार्टनरशिप) हा प्रशांत महासागराभोवतीच्या देशांचा व्यापार करार उभा राहिला. २०१७ मध्ये अमेरिका बाहेर पडली, तरी जपानसह उरलेल्या ११ देशांनी २०१८ मध्ये त्याच्या नव्या रूपावर सह्या केल्याच, आणि त्यांपैकी सहा देशांत तो त्याच वर्षाअखेरीस लागूही झाला. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं.

जास्त ओढाताण मात्र घरातच होते. उद्योगांना निर्यात हवी असते, अर्थखात्याला आयात शुल्काचं उत्पन्न, शेतकऱ्यांना संरक्षण. दक्षिण कोरियाचा चिलीशी करार २००४ मध्ये लागू झाला, त्यात शेतकऱ्यांच्या विरोधामुळे तांदूळ, सफरचंद आणि नाशपाती ही पिकं वगळली गेली. त्यामुळे कोणताही करार वाचताना आधी वगळलेल्या मालाची यादी पाहा. कोणाचा आवाज सरकारपर्यंत पोहोचला, ते तिथे कळतं. मग माल कोणत्या देशाचा मानायचा, याचे नियम वाचा. बऱ्याच सवलती तिथेच अडकतात.